मेहरौलीचा फुलांचा पंखा : एका नवसाची दोनशे वर्षे

दिल्लीच्या इतिहासावरच्या या मालिकेत आतापर्यंत आपण लढाया, तह आणि तख्ताच्या उलथापालथी पाहिल्या. मी फौजेत आयुष्य काढलेला माणूस, तेव्हा तोफा-बंदुकांकडे माझा ओढा जास्त, हे तुम्ही ओळखलंच असेल. आजचा विषय मात्र वेगळा आहे. आज बोलायचं आहे एका मिरवणुकीबद्दल. तिच्यात सगळ्यात पुढे चालतो तो फुलांनी मढवलेला एक मोठा पंखा. एक दिवस तो दर्ग्यात जातो, एक दिवस देवीच्या देवळात. दर्ग्यात फुलांची चादर चढते, देवीला फुलांचं छत्र. दोन्हीकडे न्यायला हिंदू आणि मुसलमान बरोबर असतात. दिल्लीकर या उत्सवाला ‘फूलवालों की सैर’ म्हणतात. सैर म्हणजे सहल. फुलं विकणाऱ्यांची सहल.

सरकारी खातं किंवा एखादा पंथ हा उत्सव चालवत नाही. तो चालवते ‘अंजुमन सैर-ए-गुलफरोशां’ नावाची नागरिकांची संस्था. नफा नाही, प्रचारकी पत्रकं नाहीत, वर्षातून एकदा फुलांचा पंखा. मला बरेच जण विचारतात, ‘साहेब, फुलांच्या पंख्यानं काय होतं? दंगे थांबतात का?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला आपल्याला दोनशे वर्षं मागं जावं लागेल, आणि गंमत म्हणजे त्या वाटेवर मराठ्यांच्या खुणाही भेटतील.

आधी जागा समजून घेऊ. मेहरौली म्हणजे दिल्लीचं दक्षिण टोक. कुतुबमिनार जिथं आहे, ते गाव. शाहजहानने वसवलेल्या शहरापेक्षा कितीतरी जुनं. इथं ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी यांचा दर्गा आहे. ख्वाजा मूळचे ओशचे. ते गाव आज किर्गिझस्तानात येतं. अजमेरच्या मोइनुद्दीन चिश्तींचे ते शिष्य, आणि बाबा फरीद हे त्यांचे शिष्य. याच फरीदांच्या नावची वाणी पुढे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आली. म्हणजे एका दर्ग्यापासून निघालेला धागा अमृतसरपर्यंत पोचला. ख्वाजा 1235 साली वारले. पुढे दिल्लीच्या अनेक बादशहांना मरणानंतर त्यांच्या पायाशी जागा हवीशी वाटली.

दर्ग्यापासून पायी थोड्याच अंतरावर योगमायेचं देऊळ. कंसाच्या हातून निसटलेली यशोदेची मुलगी, कृष्णाची बहीण, ती योगमाया. जुन्या जैन ग्रंथांत दिल्लीचं ‘योगिनीपुर’ हे नाव येतं, त्याचा संबंध काही जण या देवीशी लावतात. आजचं देऊळ एकोणिसाव्या शतकात, दुसऱ्या अकबर शाहाच्या काळात पुन्हा बांधलेलं. हा अकबर शाह लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीतला बादशहा तोच. फत्तेपूर सिक्रीचा अकबर वेगळा, हा त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी आलेला, नावापुरता राजा.

तो नावापुरता राजा का, हे सांगताना मराठ्यांचं नाव घ्यावंच लागतं. त्याचे वडील शाह आलम. 1772च्या सुरुवातीला शाह आलम अलाहाबादेहून दिल्लीत परतले ते मराठ्यांच्या फौजेच्या भरवशावर. 1788मध्ये गुलाम कादिर रोहिल्याने लाल किल्ल्यात घुसून म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले. त्या वेळी दिल्ली सोडवायला महादजी शिंद्यांनी जी फौज पाठवली, तिचा सरदार होता राणेखान. हा राणेखान कोण? 1761च्या पानिपतावर जखमी होऊन पडलेल्या महादजींना बैलावर घालून सुरक्षित जागी नेणारा, पखालीतून पाणी वाहणारा भिस्ती. महादजी त्याला आयुष्यभर ‘भाई’ म्हणत. त्याच महादजींची बीडच्या मन्सूरशाह या फकिरावर गाढ श्रद्धा होती आणि शिंदे घराण्यानं ती ग्वाल्हेरात पुढं जपली. भजनं रचणारा हा पाटील दिल्लीचा कारभार पाहत होता. याला आपण आज आंतरधर्मीय सलोखा असं जड नाव देतो. त्या माणसांना तसं नाव द्यायची गरजही वाटली नसेल. जीव वाचवला तो भाऊ, एवढा त्यांचा हिशेब होता.

11 सप्टेंबर 1803 रोजी यमुनेच्या पूर्वेला, पटपडगंजच्या लढाईत, जनरल लेकच्या इंग्रजी फौजेनं दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव केला. आज ते रणांगण नोएडाच्या वस्तीखाली गेलंय. गोल्फ कोर्सच्या आवारात इंग्रजांनी उभारलेला एक स्मृतिस्तंभ तेवढा आहे. आजूबाजूच्या उंच इमारतींत हजारो मराठी कुटुंबं राहतात, मीही त्यांतलाच, आणि आपल्या खिडकीखाली दिल्लीवरची मराठ्यांची सत्ता संपली हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्या दिवसानंतर बादशहाचा रखवालदार बदलला. शिंद्यांच्या जागी कंपनीचा रेसिडेंट आला. 1806 साली शाह आलम वारले आणि अकबर शाह गादीवर बसला. त्याला पेन्शन कंपनीची आणि परवानगीही कंपनीचीच. वारस कोण हेसुद्धा रेसिडेंट ठरवणार.

इथून आपली गोष्ट सुरू होते.

अकबर शाहाचा थोरला मुलगा अबू जफर. त्याला आपण बहादूर शाह जफर म्हणून ओळखतो. पण बादशहाचा आणि बेगम मुमताज महलचा जीव धाकट्या मिर्झा जहांगीरवर. गादी त्याला मिळावी अशी आई-बापांची इच्छा. रेसिडेंट अर्चिबाल्ड सेटन ऐकेना. मिर्झा जहांगीर तरुण, तापट आणि दारूचा शौकीन. त्यानं भर दरबारात सेटनची टिंगल केली, आणि पुढं एकदा लाल किल्ल्यात त्याच्यावर गोळी झाडली. सेटन वाचला. कंपनीनं शहजाद्याला पकडून अलाहाबादला नजरकैदेत धाडलं.

आईनं काय केलं असेल? जे तुमच्या-माझ्या आजीनं केलं असतं तेच. नवस बोलली. माझा मुलगा सुटून आला तर मी ख्वाजांच्या दर्ग्याला फुलांची चादर चढवीन. काही काळानं मुलगा सुटून आला आणि नवस फेडायचं ठरलं. ही साधारण 1811-12ची गोष्ट. लाल किल्ल्यापासून मेहरौली आजच्या रस्त्यानं अठरा-वीस किलोमीटर. बादशहाचा सगळा लवाजमा तिकडं लोटला आणि त्याच्या मागोमाग दिल्ली शहर. पावसाळ्याचा शेवट, हिरवीगार अमराई, झाडांना बांधलेले झोके, हौज-ए-शम्सीचं भरलेलं पाणी. या हौजाचा मान मोठा. तो अल्तमशानं तेराव्या शतकात बांधला. लोकांनी काही दिवस तिथंच मुक्काम ठोकला.

चादर आणि फुलांची मच्छरदाणी करायचं काम फूलवाल्यांकडं होतं. असं सांगतात की, त्यांनी कुणी न सांगता आपल्या मनानं त्यात फुलांचा एक पंखा जोडला. बादशहाला ती कल्पना आवडली. मग पंख्याचा मान ठरला. जसा दर्ग्याला, तसा योगमायेलाही फुलांचा मान द्यायचा असं बादशहानं ठरवलं. उर्दूतले प्रसिद्ध लेखक मिर्झा फरहतुल्लाह बेग यांनी या उत्सवावर सविस्तर लिहिलं आहे. आज जी गोष्ट सांगितली जाते ती बरीचशी त्यांच्या लेखणीतून घरोघर गेली.

आता फौजी माणसाच्या सवयीनं मी ही गोष्ट उलटसुलट तपासतो. यात थोर तत्त्वज्ञान कुठं आहे? एक लाडावलेला राजपुत्र आहे. त्याची सुटकाही फार काळ टिकली नाही. तो पुन्हा अलाहाबादला गेला आणि 1821 साली तिथंच मेला. इंग्रज अधिकारी स्लीमननं लिहून ठेवलंय की, चेरी ब्रँडी पिऊन पिऊन त्यानं स्वतःचा अंत करून घेतला. निजामुद्दीनच्या दर्ग्यात त्याची सुंदर कबर आहे. मुलगा वाया गेला, गादी मिळाली नाही, बेगमेचा नवस एका अर्थी फुकट गेला. उरली ती सैर. कारण ती राजघराण्याची राहिली नव्हती, ती शहराची झाली होती. फूलवाल्याला धंदा मिळत होता, हलवायाला गिऱ्हाईक मिळत होतं, पोरांना पतंग आणि झोके मिळत होते. ज्या रीतीत सगळ्यांचा काहीतरी लाभ असतो, ती रीत टिकते. उपदेशावर उभी केलेली रीत एवढी टिकलेली मी तरी पाहिली नाही.

1837 साली बहादूर शाह गादीवर आला. त्याच्या काळात सैर आणखी बहरली. दर्ग्याशेजारी बापानं बांधलेल्या महालाला त्यानं हत्तीवर बसून जाता येईल असं भव्य दार बांधलं. तोच आजचा जफर महाल. त्याची एक बारीकशी नोंद मला फार बोलकी वाटते. एका वर्षी देवळात पंखा नेताना त्याला जाता येण्यासारखं नव्हतं. तेव्हा त्यानं सांगितलं, मी देवळात जाऊ शकत नाही, तर दर्ग्यातही पंख्याबरोबर जाणार नाही. बघा, राजाकडं सैन्य नाही, खजिना नाही, हुकूम लाल किल्ल्याच्या भिंतीबाहेर चालत नाही. तरी दोन्ही पारडी समान ठेवायची हे भान त्यानं सोडलं नाही. सत्ता नसतानाही माणूस न्यायानं वागू शकतो, याचा हा धडा आहे.

1857चा उठाव झाला, दिल्ली पडली, बहादूर शाह रंगूनला गेला आणि 1862 साली तिथंच वारला. दर्ग्यालगतच्या मोती मशिदीशेजारी त्यानं स्वतःसाठी राखलेली जागा आजही मोकळी आहे. तिच्या शेजारी त्याचे वडील अकबर शाह आणि आजोबा शाह आलम झोपले आहेत. होय, तोच शाह आलम, ज्याच्यासाठी राणेखान धावून आला होता. मराठी माणसानं मेहरौलीत गेल्यावर त्या कबरीपाशी दोन मिनिटं थांबावं असं मला वाटतं.

बादशाही गेली, पण सैर थांबली नाही. शहरातल्या हिंदू-मुसलमान प्रतिष्ठितांनी आणि व्यापाऱ्यांनी खर्च उचलला. ती थांबली 1942मध्ये. ‘चले जाव’ आंदोलन पेटलं होतं, आणि हिंदू-मुसलमान हजारोंनी एकत्र जमणं इंग्रज सरकारला नको होतं. त्यांनी सैर बंद पाडली. फुलांच्या पंख्यानं काय होतं, असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की, त्या पंख्याची ताकद सरकारला बरोबर कळली होती.

मग आलं 1947. फाळणी झाली. दिल्लीत पश्चिम पंजाबातून सर्वस्व गमावून आलेल्या लाखो निर्वासितांचे लोंढे, आणि दिल्लीतल्या मुसलमानांवर हल्ले. मशिदींचा ताबा घेतला गेला, मोहल्ले रिकामे झाले. मेहरौलीतल्या मुसलमानांनाही घरं सोडावी लागली. ख्वाजांच्या दर्ग्याची मोडतोड झाली, तिथली संगमरवरी जाळी फोडली गेली. सातशे वर्षं जिथं दिवा विझला नव्हता तिथं सन्नाटा पसरला.

13 जानेवारी 1948 रोजी गांधीजींनी दिल्लीत उपोषण सुरू केलं. त्यांचं ते शेवटचं उपोषण. ते सोडण्यासाठी त्यांनी ज्या अटी घातल्या, त्यांतली एक मेहरौलीची होती. ख्वाजा कुतबुद्दीनांचा उरूस नेहमीसारखा भरला पाहिजे आणि मुसलमानांना तिथं निर्भयपणे जाता आलं पाहिजे. विचार करा. देशापुढं काश्मीरचं युद्ध होतं, निर्वासितांचे तंबू होते, पाकिस्तानला द्यायच्या पैशांचा प्रश्न होता. त्या सगळ्यात हा म्हातारा एका गावच्या उरसाबद्दल अडून बसला होता. कारण त्याला ठाऊक होतं, शांतता कागदावर मोजता येत नाही. एखादा माणूस बायकामुलांना घेऊन जत्रेला जाऊन संध्याकाळी घरी परत येऊ शकतो का, यावरून ती मोजायची असते. 18 जानेवारीला राजेंद्रप्रसादांच्या पुढाकारानं सर्व पक्ष-पंथांच्या प्रतिनिधींनी लेखी हमी दिली. त्या हमीपत्रात उरसाचा स्पष्ट उल्लेख होता. उपोषण सुटलं.

27 जानेवारीला उरूस भरला. गांधीजी स्वतः मेहरौलीला गेले. अशक्तपणा होता, तरी गेले. फोडलेली जाळी त्यांनी पाहिली, जमलेल्या हिंदू, मुसलमान, शिखांपुढं ते बोलले. त्यानंतर तीन दिवसांनी बिर्ला भवनात त्यांची हत्या झाली. आयुष्यातल्या त्यांच्या अगदी अखेरच्या भेटींपैकी एक या दर्ग्याला होती.

त्याच दिवसांत तिकडं जम्मू भागात नौशेऱ्याला आपली 50 पॅरा ब्रिगेड उभी होती. तिचे कमांडर ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान. 6 फेब्रुवारी 1948ला, म्हणजे गांधीजी गेल्यानंतर आठवडाभरातच, नौशेऱ्याची मोठी लढाई झाली. उस्मानसाहेबांच्या त्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पॅरा बटालियन होती. साताऱ्या-कोल्हापूरकडची आपली पोरं ‘छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हणत एका मुसलमान ब्रिगेडियरच्या हुकुमाखाली लढत होती. पुढं मार्चमध्ये झंगड परत घेतलं. 3 जुलैला तिथंच तोफेच्या गोळ्यानं उस्मान धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. त्यांची कबर दिल्लीत आहे, जामिया मिलिया इस्लामियाजवळच्या कब्रस्तानात. दिल्लीतल्या रस्त्यावर धर्म विचारून माणसं मारली जात होती, त्याच काळात सीमेवर हुकूम देणाऱ्याचा धर्म कुणी विचारत नव्हतं. एकाच देशाची ही दोन्ही चित्रं आहेत, आणि कोणतंही एकच खरं मानलं तर आपण चुकतो.

मेहरौलीपासून दक्षिणेला गेलं की मेवात लागतं. आज नूह जिल्हा. तोही राजधानी क्षेत्रातच येतो. तिथले मेव मुसलमान फाळणीच्या दंगलीत गावं सोडून निघाले होते. 19 डिसेंबर 1947 रोजी गांधीजी घासेडा गावात गेले आणि त्यांनी मेवांना इथंच राहायला सांगितलं. गांधीजी गेल्यावर हे अर्धं राहिलेलं काम करायला कोण आलं? पवनारहून विनोबा भावे. 1948मध्ये त्यांनी निर्वासितांच्या छावण्यांत आणि मेवातात मेवांना परत वसवण्यासाठी काम केलं. अजमेरच्या उरसालाही गेले. मूळ अरबीतून कुराण वाचण्यासाठी त्यांनी ती भाषा शिकून घेतली होती. आपण मराठी माणसांनी एक गोष्ट डोळे उघडे ठेवून पाहावी. 30 जानेवारीला गोळी झाडणारा मराठी बोलणारा होता. त्यानंतर उद्ध्वस्त गावांत दारोदार फिरणारा विनोबाही मराठीच बोलणारा होता. भाषा कुणाला शहाणं करत नाही आणि वेडंही करत नाही. आपण तिच्यातून कुणाचा वारसा घेतो, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

उरूस भरला, पण सैर बंदच राहिली. वीस वर्षांचा खंड पडला. एक अख्खी पिढी तिच्याशिवाय वाढली. 1961-62च्या सुमारास पंडित नेहरूंनी ती पुन्हा सुरू करण्याचा आग्रह धरला. दिल्लीतल्या नागरिकांनी तो मनावर घेतला आणि अंजुमन उभी राहिली. योगेश्वर दयाल यांनी त्यासाठी जन्म वेचला. 2006 साली ते गेले, तेव्हा चार दशकांहून अधिक काळ ते या कामात होते. नंतर त्यांच्या घरच्यांनी आणि सहकाऱ्यांनी ते चालू ठेवलं.

हे काम कसं चालतं, ते सांगतो. पावसाळा सरल्यावर उत्सवाचे दिवस ठरतात. आधी शहनाईच्या सुरांत राष्ट्रपती, उपराज्यपाल, मुख्यमंत्री यांना फुलांचे पंखे भेट देऊन आमंत्रण जातं. पुढं मेहरौलीत एक दिवस दर्ग्यावर चादर आणि पंखा, एक दिवस योगमायेला छत्र आणि पंखा. हौजाकाठच्या जहाज महालापाशी आणि अमराईत पतंग, कुस्ती, कव्वाली असे कार्यक्रम होतात. वेगवेगळ्या राज्यांतून पंखे आणि कलापथकं येतात. ऐकायला सोपं वाटतं. पण मागं किती धावपळ असते! पोलिसांची परवानगी, जागेची परवानगी, पुरातत्त्व खात्याची हद्द, वाहतूक, मंडप, वीज, वर्गणी. बाहेरगावच्या कलाकारांची राहण्या-जेवणाची सोय. दर्ग्याच्या मंडळींशी बोलणं, देवळाच्या पुजाऱ्यांशी बोलणं, आणि दोघांनाही सारखा मान मिळतोय ना हे पाहणं. वर्षाचे आठ दिवस उत्सव दिसतो, उरलेले दिवस अर्ज आणि फोन. मला वाटतं, खरी समाजसेवा त्या अर्जांत असते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडं येऊ. यानं काय होतं?

एक आक्षेप असा की, हा नुसता देखावा आहे. पुढारी फेटा बांधून फोटो काढतात आणि घरी जातात. खरं आहे, काही जण तसं करतात. पण मी फौजेतलं उदाहरण देतो. ड्रिल म्हणजे काय? मैदानावर पाय आपटल्यानं शत्रू मरत नाही. तरी जगातली प्रत्येक फौज रोज सकाळी ड्रिल करते. कारण गोळ्या सुटू लागल्यावर शेजारी कोण आहे आणि तो काय करील, हे अंगात मुरलेलं असावं लागतं. त्या वेळी शिकवायला वेळ नसतो. सैर ही शेजारधर्माची ड्रिल आहे. दरवर्षी एकदा खांद्यावर पंखा घ्यायचा, दुसऱ्याच्या दारात जायचं, चपला काढायच्या, डोकं झाकायचं, प्रसाद घ्यायचा. वाईट वेळ आली की, ज्याच्या दारात आपण गेलेलो असतो त्याच्याविषयीची अफवा आपण पटकन मानत नाही.

माझ्या पलटणीत हे रोजचंच होतं. फौजेत ‘सर्वधर्मस्थळ’ असतं. एकाच छपराखाली वेगवेगळ्या धर्मांची प्रार्थना. जवानांच्या सणाला, मंदिर परेडला, ईदेला, गुरुपुरबाला अधिकारी हजर असतो. त्याचा स्वतःचा धर्म घरी. पलटणीत तो जवानांच्या धर्माचा असतो. कुणी त्यावर भाषण देत नाही. नव्या लेफ्टनंटला फक्त सांगतात, उद्या सहा वाजता परेड आहे, यायचं. वर्षभरात त्याला आरतीही पाठ होते आणि अरदासही. चौतीस वर्षांत मी ही सवय काम करताना पाहिली आहे, म्हणून तिच्यावर माझा विश्वास आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. उत्सव झाले तरी दंगे होतातच की! 1942पर्यंत सैर चालू होती, म्हणून 1947 टळलं का? नाही टळलं. आणि सैर चालू असती तर टळलं असतं, असंही मी म्हणणार नाही. एवढ्या मोठ्या वणव्याला एक पंखा पुरत नाही. पण वणवा विझल्यावर माणसांना परत एकत्र बसायला जागा लागते. आठवणीतली एखादी जागा, जिथं आपण पूर्वी एकत्र होतो. गांधीजींनी मेहरौलीचा उरूस निवडला, नेहरूंनी सैर निवडली, कारण ती जागा लोकांच्या आठवणीत होती. नवी जागा रातोरात तयार होत नाही. जुनी असेल तर जपावी लागते, आणि हेच या संस्थेचं काम आहे.

तिसरा आक्षेप माझा स्वतःचाच. मिरवणूक झाल्यावर बाकीच्या दिवसांचं काय? भाड्यानं घर शोधताना नाव ऐकून दार बंद होतं. शाळेत, सोसायटीत, नोकरीत माणूस आधी आडनावावरून जोखला जातो. दिल्लीत, नोएडात, गुरुग्रामात हे घडतं, पुण्या-मुंबईतही घडतं. तिथं पंखा पुरेसा नाही. तिथं आपल्यालाच, सोसायटीच्या बैठकीत हात वर करून, बोलावं लागतं. फुलांचा उत्सव आपल्याला त्या बैठकीपर्यंत नेऊन सोडतो, पुढचं वाक्य आपलं.

हे सगळं मराठी माणसाला परकं नाही. आपल्याकडं किती गावांत पिराच्या उरसाचा पहिला मान पाटलाच्या घराकडं असतो! संदल निघतो तेव्हा सनई-चौघडा कोण वाजवतं, गलेफ कोण उचलतं, हे आठवून पाहा. मोहरमच्या ताबुतापुढं कितीतरी हिंदू घरं नवस फेडतात. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत तर गणपती मशिदीत बसतो. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, बेळगावात किंवा हैदराबादेत, तुमच्या आसपास अशी एखादी रीत नक्की असेल. तिला मोठं नाव नसेल, संस्था नसेल, कुणी एक म्हातारा दरवर्षी तेलवात करत असेल. त्या माणसाचं वय किती झालंय आणि त्याच्या मागं ते कोण करणार आहे, एवढी चौकशी करा. अंजुमनचा साठ वर्षांचा अनुभव हेच सांगतो की, रीत आपोआप टिकत नाही. कुणीतरी अर्ज लिहावे लागतात.

दिल्लीला आलात तर कुतुबमिनार सगळेच पाहतात. मेट्रोनं त्याच नावाच्या स्थानकावर उतरा, पण मिनार पाहून परत फिरू नका. योगमायेच्या देवळात जा, मग मेहरौलीच्या अरुंद बाजारातून दर्ग्याकडं चालत या. वाटेत गुलाबाच्या पाकळ्यांच्या टोपल्या घेऊन बसलेले फूलवाले दिसतील. एकाच टोपलीतली फुलं दोन्हीकडं जातात. विकणारा विचारत नाही, कुठं वाहणार आहात. आत शाह आलमची कबर आणि शेजारची ती मोकळी जागाही पाहा. चालायला वेळ फार लागत नाही. ते अंतर रोज चालत राहणारे लोक मात्र हवेत.

पुढच्या भागात पटपडगंजच्या लढाईचा नकाशा घेऊन बसू. शिंद्यांच्या कवायती पलटणी का हरल्या, ते मैदानाच्या उंच-सखल जागा दाखवत सांगीन. तोवर नमस्कार. जय हिंद.